पाच रकान्यांचा खेळाडू

१४ गुण, ८ रिबाऊंड, ९ असिस्ट, ६ स्टील, ७ ब्लॉक.

३ जानेवारी २००६ ची ही ओळ आहे. युटा जॅझ विरुद्ध लॉस एंजलिस लेकर्स, खेळाडू युटाचा आंद्रेई किरिलेन्को. रिबाऊंड म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं, असिस्ट म्हणजे ज्यावर बास्केट होते तो पास, स्टील म्हणजे समोरच्याकडून बॉल काढून घेणं, ब्लॉक म्हणजे त्याचा शॉट हवेतच अडवणं. नुसता पहिला आकडा वाचला तर १४ गुणांत काय विशेष? एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, कोणत्याही रात्री पन्नासेक जण तेवढे करून घरी जातात. पण ओळ शेवटपर्यंत वाचली की माझ्यासारख्या बाईला खुर्ची पुढे ओढून बसावंसं वाटतं.

माझ्यासारख्या म्हणजे टेबलवर बसणाऱ्या. मी सामन्यांची स्कोअरशीट भरते. आमच्या शीटवर गुण, फाऊल आणि टाइमआऊट यांची नोंद होते; ब्लॉक आणि स्टीलला जागाच नाही. एखादी मुलगी अख्खा सामना समोरच्या सेंटरला, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच मुलीला, जखडून ठेवते, चार वेळा पास मधल्या मधे काढते, आणि संध्याकाळी तिच्या नावापुढे दोन गुण आणि तीन फाऊल एवढंच उरतं. सही करताना मला दर वेळी थोडी चीड येते. किरिलेन्कोबद्दलचा माझा पक्षपात तिथून आलेला आहे, हे आधीच सांगून टाकते.

गुण, रिबाऊंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक या पाचही रकान्यांत किमान पाच, याला अमेरिकेत ‘फाइव्ह बाय फाइव्ह’ म्हणतात. एनबीएने स्टील आणि ब्लॉक अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात. त्याआधी बचावाचा बादशहा बिल रसेलने असले सामने किती खेळले असतील ते देवाला ठाऊक. मोजणी सुरू झाल्यावर हकीम ओलाजुवानच्या नावावर असे सहा सामने लागले आणि किरिलेन्कोच्या नावावर तीन. त्याचे पहिले दोन तर एका आठवड्यातले: ३ डिसेंबर २००३ ला ह्यूस्टनविरुद्ध १९ गुण, ५ रिबाऊंड, ७ असिस्ट, ८ स्टील, ५ ब्लॉक, आणि १० डिसेंबरला न्यूयॉर्कविरुद्ध पुन्हा. ओलाजुवान सात फुटी सेंटर होता, रिंगखालीच त्याचा मुक्काम. किरिलेन्को २ मीटर ६ सेंटिमीटरचा, काडीसारखा फॉरवर्ड. हात मात्र दुसऱ्याच कुणाचे तरी बसवल्यासारखे लांब.

जन्म १८ फेब्रुवारी १९८१ चा, इझेव्हस्क शहरातला. कलाश्निकोव्ह रायफल जिथे बनते तेच इझेव्हस्क. नावाची आद्याक्षरं ए आणि के, पुढे युटात अंगावर ४७ नंबरची जर्सी, त्यामुळे ‘एके-४७’ हे टोपणनाव आयतंच तयार झालं. मला ते कधीच आवडलं नाही. एक तर बंदुकीचं कौतुक कशाला, आणि दुसरं म्हणजे धडाधड शॉट मारत सुटणं हा त्याचा खेळच नव्हता. पण समालोचकांना असलं काही मिळालं की ते सोडत नाहीत.

तो वाढला लेनिनग्राडमध्ये. दहा वर्षांचा होता तेव्हा शहराचं नाव पुन्हा सेंट पीटर्सबर्ग झालं आणि वर्षअखेरीस सोव्हिएत संघच गेला. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, १९९७ मध्ये, तो तिथल्या स्पार्ताकमधून व्यावसायिक बास्केटबॉल खेळू लागला. हा साधासुधा क्लब नव्हे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये शेवटच्या तीन सेकंदांचा जो ऐतिहासिक गोंधळ झाला आणि सोव्हिएत संघाने अमेरिकेला ५१-५० असं हरवलं, त्यातली शेवटची बास्केट करणारा अलेक्सांद्र बेलोव्ह याच स्पार्ताकचा, आणि त्या संघाचे प्रशिक्षक व्लादिमीर कोंद्राशिनही. बेलोव्ह अवघ्या २६ व्या वर्षी गेला. त्या शहरात बास्केटबॉल खेळणाऱ्या पोराच्या कानावर ही नावं न पडता कशी राहतील?

१९९८ मध्ये मॉस्कोच्या सीएसकेएने त्याला उचललं. सीएसकेए म्हणजे लष्कराचा क्लब, सोव्हिएत काळापासून रशियन बास्केटबॉलचं मोठं घर. तिथे १९९९ आणि २००० अशी लागोपाठ दोन लीग विजेतेपदं मिळाली. त्याच दरम्यान १९९९ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, युटाने त्याला २४ व्या क्रमांकावर निवडलं. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. पहिल्या फेरीत निवडला गेलेला तो पहिला रशियन. त्याआधी सर्गेई बझारेविच १९९४ मध्ये अटलांटाकडून थोडे सामने खेळून परतला होता. निवड झाल्यावरही किरिलेन्को दोन वर्षं मॉस्कोतच राहिला, मधल्या काळात सिडनी ऑलिंपिक खेळला, आणि २००१ मध्ये सॉल्ट लेक सिटीला पोहोचला. आजची पोरं ड्राफ्ट झाल्या झाल्या विमानात बसतात.

युटात तेव्हा जॉन स्टॉकटन आणि कार्ल मलोन यांचं राज्य होतं आणि प्रशिक्षकाच्या खुर्चीवर जेरी स्लोन. स्लोन म्हणजे शिस्तीचा माणूस. वर्षानुवर्षं तेच पिक-अँड-रोल, त्याच धावा, तेच स्क्रीन, म्हणजे बचावपटूची वाट अडवून आपल्या माणसाला मोकळं करणं. पोरांनी जर्सी खोचलेली असलीच पाहिजे. या पक्क्या बांधलेल्या घरात किरिलेन्कोला दोन वर्षं कोपऱ्यातली कामं मिळाली. ती त्याने इतकी नीट केली की पहिल्याच हंगामात नवोदितांच्या पहिल्या संघात त्याचं नाव आलं.

मग २००३ मध्ये स्टॉकटन निवृत्त झाला आणि मलोन लेकर्सकडे गेला. युटा आता तळाला जाणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो हंगाम मला अजूनही सगळ्यात प्रिय आहे. नावाजलेला कुणी उरला नव्हता. किरिलेन्को बॉल वर आणायचा, पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, उभा राहायचा, स्क्रीन लावायचा, समोरच्याच्या सर्वांत धोकादायक माणसाला धरायचा आणि दुसऱ्याचा माणूस शॉट घेतोय असं दिसलं की त्याचाही शॉट अडवायचा. सरासरी १६.५ गुण, ८.१ रिबाऊंड, ३.१ असिस्ट, १.९ स्टील, २.८ ब्लॉक. संघाने ४२ जिंकले, ४० हरले आणि प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, एका सामन्याने हुकला. शेवटची जागा मिळवणाऱ्या डेन्व्हरचे ४३ झाले होते. त्या फेब्रुवारीत तो ऑल-स्टार सामनाही खेळला, पहिला आणि शेवटचा.

त्याचा ब्लॉक कसा असायचा ते सांगते, कारण आकड्यात ते दिसत नाही. बहुतेक ब्लॉक स्वतःच्या माणसावरचे नसत. बॉल कोर्टाच्या एका बाजूला असे आणि हा पार दुसऱ्या बाजूला, आपल्या माणसापासून दोन पावलं आत सरकून, हात खाली सोडून, जणू त्याचं लक्षच नाही. कबड्डीतला चांगला कोपरारक्षक चढाई करणाऱ्याला असाच फसवतो: पाय पुढे येईपर्यंत हललाच नाही असं वाटू देतो. गार्ड बघायचा, रिंगखाली मोकळं आहे, आणि लेअपला, म्हणजे रिंगजवळून बॉल आत टाकायला, उठायचा. तो हवेत गेला, आता मागे फिरणं नाही, अशा क्षणी किरिलेन्को निघायचा. उडी फार उंच नसायची, पण वेळ अशी साधायचा की बॉल बोटांतून सुटताना तिथे त्याचा पंजा असायचाच. शिवाय तो बॉल प्रेक्षकांत भिरकावत नसे. टिपून आपल्याच माणसाकडे सरकवायचा. बॉल बाहेर गेला की ताबा पुन्हा समोरच्यांकडे, म्हणजे ब्लॉकचा अर्धा फायदा गेला. टेबलवर बसून इतके सामने पाहिल्यावर सांगते, हे भान फार थोड्यांना असतं.

२००४ मध्ये युटाने त्याच्याशी सहा वर्षांचा, ८.६ कोटी डॉलरचा करार केला. आणि त्याच उन्हाळ्यात कार्लोस बूझर आणि मेहमेट ओकुर आले, वर्षभराने डेरॉन विल्यम्स. संघ सुधारला. किरिलेन्को मात्र आकसत गेला. लगेच नाही. २००४-०५ मध्ये मनगट मोडलं, अर्धाच हंगाम मिळाला, तरी सरासरी ३.३ ब्लॉक करून तो लीगमध्ये पहिला होता. २००६ मध्ये बचावपटूंच्या पहिल्या संघात निवडला गेला. पण २००६-०७ ला सगळं बदललं. रिंगजवळची जागा बूझर आणि ओकुरने व्यापलेली, बॉल विल्यम्सच्या हातात. किरिलेन्कोला सांगितलं गेलं, बाहेर उभा राहा. बाहेरून शॉट मारणं हाच त्याच्या खेळातला कच्चा भाग. सरासरी ८.३ गुणांवर आली. त्या वर्षी ह्यूस्टनविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेदरम्यान तो रडला, आणि कॅमेऱ्यांनी ते जगाला दाखवलं.

त्यावर तेव्हा खूप टिंगल झाली. एवढे पैसे घेतो आणि रडतो, वगैरे. मला स्लोनही चुकीचा वाटत नाही. त्याचा संघ त्या वर्षी पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, सॅन अँटोनियोने अडवलं. पण भिंतींना भेगा असल्या तरच ज्याचा उपयोग आहे अशा माणसाला सगळ्या भेगा बुजल्यावर तुम्ही कुठे ठेवणार? सगळं थोडं थोडं करणारा खेळाडू तारांकित संघात पहिला बळी जातो. मुलींच्या संघातही मी हे पाहिलंय.

मग आला सप्टेंबर २००७.

युरोबास्केट, म्हणजे राष्ट्रीय संघांची युरोपीय स्पर्धा, स्पेनमध्ये होतं. स्पेन आदल्या वर्षीचा जगज्जेता, घरचं मैदान, त्यांचा पाउ गॅसोल ऐन भरात. सोव्हिएत संघाने ही स्पर्धा चौदा वेळा जिंकली होती, शेवटची १९८५ मध्ये. रशिया म्हणून एकदाही नाही. १९९३ ला रौप्य, १९९७ ला कांस्य, बस. प्रशिक्षक डेव्हिड ब्लॅट, अमेरिकेत जन्मलेला इस्रायली. पॉइंट गार्ड जे. आर. होल्डन, पिट्सबर्गचा अमेरिकन, सीएसकेएत खेळता खेळता २००३ मध्ये रशियन नागरिक झालेला. संघात त्यावरून कुरबुर होती की नव्हती हा वेगळा विषय. ब्लॅटने बचावाची अशी काही मोट बांधली की कुणाला कोण धरतंय तेच समोरच्यांना कळेना: झोन, म्हणजे जागा वाटून केलेला बचाव, वाटावा तर माणसामागे माणूस, माणसामागे माणूस म्हणावं तर झोन. असल्या बचावाला मधोमध एक असा माणूस लागतो जो दोघांच्या चुका एकटा झाकेल. तो ब्लॅटकडे होता. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्स गेला, उपांत्य फेरीत तोपर्यंत अपराजित असलेला लिथुआनिया.

१६ सप्टेंबर, माद्रिद. स्पेन सुरुवातीला दहाहून जास्त गुणांनी पुढे. मग रशियाने सामन्याचा वेग इतका कमी केला की बघणाऱ्याला कंटाळा यावा. ६०-५९ हा अंतिम आकडाच बघा. एवढे गुण एनबीएचे संघ मध्यंतरापर्यंत करतात. शेवटच्या मिनिटात स्पेन एकाने पुढे. होल्डनने डावीकडून उजवीकडे हूल दिली आणि उसळत्या पावलाने शॉट सोडला. बॉल रिंगवर आपटला, घुटमळला, आत पडला. दोन सेकंद उरलेले. गॅसोलला पुन्हा बॉल मिळाला, त्याचा शॉट रिंगमध्ये डोकावून बाहेर आला. सगळं स्टेडियम गप्प आणि कोपऱ्यात बारा रशियन वेड्यासारखे एकमेकांवर पडलेले. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू किरिलेन्को. ज्याला चार-पाच महिन्यांपूर्वी बाहेर उभं राहायला जमत नव्हतं म्हणून रडू आलं होतं, तोच.

माझी भाची या सामन्याची चित्रफीत बघत होती. मध्येच म्हणाली, “मावशी, पण जिंकवलं तर होल्डनने ना?” हो गं बाई, होल्डननेच. आमच्या शीटवर तेच लिहिलं गेलं असतं.

त्या विजयानंतर त्याने जाहीरपणे लिहिलं की युटाने मला मोकळं करावं, उरलेल्या पैशांवर पाणी सोडायला मी तयार आहे. चार वर्षांचा करार बाकी होता. कुणी म्हणालं नाटक, कुणी म्हणालं रशियातल्या क्लबने खिसा भरलेला असणार. युटाने सोडलं नाही. तो मुकाट्याने परतला आणि कमी वेळ, कधी बेंचवरून, असं २०११ पर्यंत खेळला. मधे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकच्या उद्घाटनाला रशियाचा ध्वज त्याच्या हातात होता. संघ मात्र गटातच बाद झाला.

२०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादात एनबीएत टाळेबंदी झाली आणि तो सीएसकेएत परतला. आता माझ्या भेगांच्या सिद्धांताला सुरुंग लागतो, कारण तो सीएसकेए युरोपातला सगळ्यात श्रीमंत आणि भरलेला संघ होता. तेओदोसिच, क्रस्टिच, ख्र्यापा, शिश्काउस्कस, आणि तरीही किरिलेन्को त्या युरोलीग हंगामाचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेचा, सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सर्वोत्तम बचावपटूही. मी बराच विचार केला. युरोपात सामना चाळीस मिनिटांचा, रिंगखाली बचावपटूला हवं तितका वेळ उभं राहता येतं. एनबीएत तीन सेकंदांचा नियम आहे, आपला माणूस जवळ नसेल तर बाहेर पडावं लागतं. दबा धरून बसणाऱ्याला युरोपचा नियम धार्जिणा. तेवढं एक कारण मला पटतं.

१३ मे २०१२, इस्तंबूल, युरोलीगचा अंतिम सामना ग्रीसच्या ऑलिंपियाकोसशी. तिसरं सत्र संपत आलेलं असताना सीएसकेए १९ गुणांनी पुढे. एकोणीस! मग गळती सुरू झाली. शेवटच्या दहा सेकंदांत एका गुणाची आघाडी असताना शिश्काउस्कसचे दोन्ही फ्री थ्रो हुकले; तो एरवी डोळे मिटून टाकायचा. ऑलिंपियाकोसचा स्पानुलिस आत घुसला, दोघे त्याच्यावर गेले, पास प्रिंटेझिसला, त्याचा अलगद उचललेला शॉट, ०.७ सेकंद बाकी. ऑलिंपियाकोस ६२-६१. माद्रिदला जे मिळालं होतं ते इस्तंबूलला व्याजासकट वसूल झालं.

तीन महिन्यांनी लंडन ऑलिंपिक. गटात रशियाने स्पेनला ७७-७४ हरवलं. उपांत्य फेरीत त्याच स्पेनकडून मध्यंतराला पुढे असूनही ६७-५९ हरले. कांस्यपदकासाठी अर्जेंटिनाशी, म्हणजे जिनोबिली आणि स्कोला यांच्या त्या थोर पिढीशी गाठ. ८१-७७. सोव्हिएत संघाने १९८८ मध्ये सोलला सुवर्ण घेतल्यानंतर रशियाच्या पुरुषांचं हे पहिलं ऑलिंपिक पदक.

त्यानंतरचं झटपट सांगते. मिनेसोटाशी दोन वर्षांचा करार, एक वर्ष खेळला, बरा खेळला. दुसऱ्या वर्षाचे सुमारे १ कोटी डॉलर सोडून तो २०१३ मध्ये ब्रुकलिनला जेमतेम ३२ लाखांवर गेला. ब्रुकलिनचा मालक तेव्हा रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव्ह, त्यामुळे इतर मालकांच्या भुवया वर गेल्या: उरलेले पैसे मॉस्कोत दिले की काय? लीगने चौकशी केली, काही सापडलं नाही. मला विचाराल तर २००७ मध्ये जो माणूस करार फेकायला निघाला होता त्याने २०१३ मध्ये तेच केलं, यात नवल ते काय. पाठीने मात्र दगा दिला. ब्रुकलिनला बराच वेळ दुखापतीत गेला, २०१४ च्या डिसेंबरमध्ये त्याला फिलाडेल्फियाला दिलं, तिकडे तो एकही सामना खेळला नाही. करार संपवून मॉस्को, सीएसकेए, आणि २०१५ च्या युरोलीग उपांत्य सामन्यात पुन्हा ऑलिंपियाकोस, पुन्हा स्पानुलिस, पुन्हा दोन गुणांनी हार. त्या उन्हाळ्यात त्याने बूट काढले. ३४ वर्षांचा होता.

ऑगस्ट २०१५ मध्ये तो रशियन बास्केटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला. खुर्ची सुखाची नव्हती. महासंघातल्या भांडणांमुळे फिबाने, म्हणजे जागतिक बास्केटबॉल संघटनेने, आदल्याच महिन्यात रशियाला निलंबित केलं होतं. ते प्रकरण मिटलं, आणि राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकपदी आला तोच सर्गेई बझारेविच, अटलांटाहून परतलेला. मग युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर मार्च २०२२ मध्ये फिबाने रशियन संघांना स्पर्धांतून बाहेर काढलं. माद्रिद आणि लंडनचा संघ बघून खेळायला लागलेली जी पोरं तेव्हा वीस-बावीसची होती, त्यांच्यासाठी युरोबास्केटची दारं बंद झाली, आणि अध्यक्ष म्हणून त्यांना उत्तर देण्याचं काम किरिलेन्कोच्या वाट्याला आलं.

युटाच्या स्टेडियमच्या छताला स्टॉकटनचा १२, मलोनचा ३२, मार्क ईटनचा ५३ टांगलेला आहे. ४७ नाही. मी त्यावर वाद घालायला तयार आहे, पण समोरच्याने २००३-०४ चे किमान दहा सामने पूर्ण पाहिलेले असावेत, आणि बॉल नसलेल्या बाजूला बघत.